उंबरठ्याची मात्रा

ब्रीटाचा बास तिसऱ्यांदा एक मात्रा पुढे निघून गेला, तेव्हा रीव्हाने गज तारांवरून उचलला आणि मांडीवर आडवा ठेवला. बँजो आणखी दोन सूर पुढे जाऊन थांबला. गिटार आणि मँडोलिन त्याहीनंतर. जुन्या शाळेच्या रिकाम्या खोलीत कॉफीच्या मोठ्या भांड्याची खदखद तेवढी उरली.

“माफ करा,” ब्रीटा म्हणाली. स्वतःच्या डोक्याहून उंच असलेल्या त्या वाद्याची मान तिने ओढाळ वासराची धरावी तशी धरली होती. “मी मोजतेय. खरंच मोजतेय. सोळापर्यंत अगदी बरोबर येते.”

“सोळाला ते संपत नाही,” रीव्हा म्हणाली.

“सतराही मोजून पाहिले.”

“मग?”

“मग पहिल्या भागातही सतराच मोजले जातात.”

खुर्ची मागच्या दोन पायांवर कलवून बँजोची खुंटी पिळत बसलेला आर्व्हिल फिप्स मोठ्याने हसला. रीव्हाच्या धाकट्या, आता हयात नसलेल्या बहिणीचा हा नवरा. मेहुणीशी वाद घालणे हा त्याचा बँजोइतकाच जुना धंदा होता.

“पोरी, तू उगाच जीव जाळतेयस,” तो ब्रीटाला म्हणाला. “खरं काय झालं ते मला विचार. आमच्या सासरेबुवांना वाजवता वाजवता नाकाला खाज सुटली. त्यांनी नाक खाजवलं. एक मात्रा गेली. आणि तेव्हापासून हे सगळं खोरं त्या नाकाची पूजा करतंय.”

“तुझं झालं?” रीव्हाने विचारले.

“आज झालं. उद्या पुन्हा सांगीन.”

धुनेला दुसरे नाव नव्हते. हॅल्सी फोर्कच्या खोऱ्यात तिला ‘अर्लीची धून’ म्हणत. रीव्हाच्या बापाने, अर्ली स्टर्गिलने, ती बसवली, त्याच्याकडून ती रीव्हाच्या व्हायोलिनवर, खोऱ्यातल्या भाषेत फिडलवर, आली, आणि शाळेची मुले बसमधून घरी पोचवून झाली की दर शुक्रवारी संध्याकाळी रीव्हाने ती इथे वाजवली. बस चालवणे तिने कधीच सोडले होते. शुक्रवार सोडला नव्हता. धुनेचा पहिला भाग सोळा मात्रांचा, नाकासमोर चालणारा. दुसऱ्या भागाच्या शेवटी मात्र एक मात्रा जास्तीची. तिथे सूर श्वास रोखल्यासारखा थबके, खोलीतल्या प्रत्येकाची टाच एकदम जमिनीवर पडे, आणि मगच धून वळून पहिल्या भागात शिरे. बाहेरची माणसे त्या जागी हटकून ठेचकाळत. खोऱ्यातल्या कुणाला तिथे काही अवघड आहे, हेच ठाऊक नव्हते.

“इकडे बघ,” रीव्हा ब्रीटाला म्हणाली. “मोजणं सोड. बाबांच्या घराला दोन खोल्या होत्या. नाच असला की खाटा, कपाटं, सगळं अंगणात काढायचं. बाबा मधल्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे, म्हणजे फिडल दोन्हीकडे ऐकू जाई. नाचणारे या खोलीतून त्या खोलीत जायचे, तिकडून इकडे यायचे. आणि मधे होता उंबरठा. तो ओलांडायला पाय उचलावा लागतो की नाही?”

“लागतो.”

“त्याला एक मात्रा लागते. बाबांनी ती दिली. ते माणसांसाठी वाजवत होते, घड्याळासाठी नव्हे.”

आर्व्हिलने खुंटी पिळणे थांबवले. काहीतरी बोलण्यासाठी त्याने तोंड उघडले, पण मेहुणीकडे पाहून पुन्हा मिटले आणि तारेला कान लावला.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या भागाच्या शेवटी ब्रीटाची टाच जराशी उचलली गेली. पण ती खाली यायच्या आधीच बोटांनी पुढचा सूर छेडून टाकला होता. तरी या वेळी चुकल्यावर ती हसली. रीव्हाच्या दृष्टीने ते चांगले लक्षण होते. चुकल्यावर माफी मागणारा वादक तिला फारसा आवडत नसे.

“मावशी,” गिटारचा पट्टा खांद्यावरून काढत कॉर्बिन म्हणाला, “जरा बाहेर येतेस?”

कॉर्बिन हा आर्व्हिलचा मुलगा. रिचमंड शहरात त्याचा स्वतःचा बँड होता; ब्रीटा आणि मँडोलिनवाला त्यातलेच. बिअर गाळणाऱ्यांच्या गोदामांत ते स्वतः रचलेली गाणी गात आणि शे-दीडशे तरुण माणसे उभ्याने ऐकत. त्या बँडचे नाव रीव्हाला उच्चारता येत असे, पण ती उच्चारत नसे. गाणी मात्र तिने ऐकली होती, आणि त्यातली दोन तिला बरी वाटली होती. आजचा कार्यक्रम कॉर्बिननेच जुळवून आणला होता. रेडिओचा माणूस दुपारपासून खोलीच्या मधोमध एकच उंच माइक उभा करून वायरी जमिनीला चिकटवत होता. सहाच्या ठोक्याला हॅल्सी फोर्कची शुक्रवारची बैठक तीन राज्यांत थेट ऐकू जाणार होती.

पायऱ्यांवर ऑक्टोबरचे कलते ऊन पडले होते. समोरच्या मैदानात पहिल्या गाड्या येऊन लागत होत्या. माणसे बीन्सची पातेली आणि फडक्यात गुंडाळलेला मक्याचा पाव घेऊन उतरत होती.

“तिला जमणार नाही,” कॉर्बिन म्हणाला. “मँडोलिनवाल्यालाही नाही. तो चूक लपवतो, तिला लपवता येत नाही, एवढाच फरक. आजच्यापुरती सरळ वाजव. सोळाची.”

“आणि सतरावी?”

“सतरावी आपल्या घरात आहेच ना? शुक्रवारी वाजवू की.”

“आजही शुक्रवारच आहे.”

“मावशी, तू शब्दात पकडू नकोस. माझं म्हणणं ऐक.” तो कठड्याला टेकला. “ज्या धुनेत नवख्याला शिरता येत नाही, ती धून तुझ्यामाझ्याबरोबर संपते. आज बाहेर जे ऐकू जाईल, तेच लोक उचलतील. सरळ असली तर ओरेगॉनमधला एखादा पोरगाही वाजवेल, आजोबांचं नाव घेऊन.”

“आणि ज्या धुनेत न ऐकता शिरता येतं, तिचं काय होतं?”

“ती जगते.”

“जगते, पण ती कोण असते?”

आपले म्हणणे खोटे आहे, असे कॉर्बिनला वाटले नाही. रीव्हालाही तसे वाटले नव्हते. तिने डाव्या हाताची करंगळी उजव्या मुठीत धरली आणि हळूहळू चोळली. गेल्या हिवाळ्यापासून ते बोट जागेवर जरा उशिरा पोचू लागले होते. अजून कुणाच्या कानावर आले नव्हते. तिच्या आले होते. कॉर्बिन म्हणत होता ते खरेच होते. आज बाहेर जाईल, तीच धून मागे राहणार होती, आणि ती कशी जाईल हे ठरवायला तिच्याजवळ ही एकच संध्याकाळ होती.

खाली मैदानात कुणीतरी तिला हाक मारली. तिने हात वर केला. येणाऱ्यांतल्या निम्म्या माणसांना तिने बसमधून शाळेत नेले-आणले होते. बसच्या पायरीवर कोण कसा पाय टाकतो, ते आरशात न बघताही तिला कळत असे. ती थोडा वेळ त्या माणसांकडे पाहत राहिली.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “सरळ वाजवते.”

कॉर्बिनने मान वळवून तिच्याकडे पाहिले. “खरंच?”

“शब्द दिला. पण एक लक्षात ठेव. शब्द तू मागून घेतलास, तेव्हा सोडवायचा झाला तर तूच सोडवशील. मी मधेच शहाणपणा करणार नाही. जे ठरलंय, तेच वाजवीन.”

“तेवढंच तर हवंय.”

ही बातमी आत गेली तेव्हा आर्व्हिलने बँजो मांडीवरून खाली ठेवला. “रीव्हा हो म्हणाली? अरे, कुणीतरी डॉक्टरला फोन करा.”

“तूच म्हणतोस ना, नाक खाजवल्याची मात्रा आहे म्हणून?” रीव्हा राळेचा खडा गजावर फिरवत म्हणाली. “मग गेली तर तुझं काय गेलं?”

आर्व्हिलने बँजो पुन्हा मांडीवर घेतला आणि आधीच लागलेली तार पुन्हा लावू लागला.

सहा वाजेपर्यंत खोली भरली. खुर्च्या पुरल्या नाहीत. पोरे खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढली, म्हातारी माणसे पुढे, आणि माइकच्या समोरचा चौकोन रिवाजाप्रमाणे नाचणाऱ्यांसाठी मोकळा. त्या चौकोनाच्या कडेला हॅल्सींची थोरली सून डेल्फिया कडक तळाचे बूट घालून आधीच उभी होती. तिला कुणी नाच म्हटले नव्हते, आणि कुणी नको म्हणण्याची शक्यताही नव्हती. जमीन ओकच्या लाकडाची होती. रस्ता रुंद करताना अर्ली स्टर्गिलचे घर पाडावे लागले, तेव्हा आर्व्हिलने त्यातल्या फळ्या एकेक करून सोडवल्या होत्या आणि इथे आणून ठोकल्या होत्या. खाली पोकळी होती. त्या जमिनीवर साधी पेन्सिल पडली तरी मागच्या भिंतीपर्यंत कळे.

रेडिओवाल्याने बोट वर केले आणि खाली आणले.

पहिल्या दोन गाण्यांत काही उणे निघाले नाही. माइक एकच, म्हणून ज्याची पाळी त्याने पुढे सरायचे आणि वाजवून झाले की खांदा तिरका करून मागे यायचे. कॉर्बिनची शहरातली मंडळीही या ये-जात कुणाच्या वाटेत आली नाहीत. ब्रीटाचा बास घट्ट होता, खणखणीत होता. रीव्हाने तशी मान हलवून तिला पावती दिली. मग कॉर्बिन माइकजवळ गेला, त्याने आजोबांचे नाव घेतले, आणि मावशीला वाट करून दिली.

रीव्हाने धून उचलली.

पहिल्या भागातच पाय हलू लागले. तळवे जमिनीवर मऊ पडत होते, एका मोठ्या जनावराच्या श्वासासारखे. डेल्फियाचे बूट चौकोनात उतरले. दुसरा भाग आला, चढला, उतरू लागला. आणि रीव्हा कबूल केल्याप्रमाणे सोळाव्या मात्रेवरून सरळ पहिल्या भागात शिरली.

तिच्यामागोमाग टाच पडली.

पहिली टाच तिच्या पाठीमागून, डाव्या अंगाने आली. तो जाड तळाचा बूट कुणाचा, हे पाहायला तिला वळावे लागले नाही. त्या टाचेत पुढच्या रांगेची मिसळली, त्यात मागच्या रांगांची, त्यात खिडक्यांवरच्या पोरांची, आणि अर्लीच्या फळ्या एकदम दणाणल्या. वादक पुढे निघून गेले होते. खोली एक मात्रा मागे, आपल्या जागी उभी होती.

डेल्फिया एक पाय उचललेल्या स्थितीत थांबली. पुढच्या रांगेतल्या काही माना एकमेकींकडे वळल्या. त्या नजरांमध्ये राग नव्हता. रीव्हाला राग अधिक सोसला असता. म्हातारी चुकली, असे त्या म्हणत होत्या, तेही अगदी जपून. तीन राज्यांना ऐकू जाईल अशा ठिकाणी, स्वतःच्या बापाच्या धुनेत. ती हनुवटी फिडलवर घट्ट दाबून वाजवत राहिली. गजाची एकही फिरत बिघडली नाही.

दुसरी फेरी आली. ती पुन्हा सरळ गेली. टाच पुन्हा पडली, आणि या वेळी अधिक जोराने. जणू खोली तिला हात धरून जागा दाखवत होती. आर्व्हिलचा बँजो आता उघडपणे खोलीबरोबर होता. गिटार आणि मँडोलिन फिडलच्या बाजूला. मधे बास.

ब्रीटाने रीव्हाकडे पाहिले, मग कॉर्बिनकडे, आणि मग खाली, स्वतःच्या पायांकडे. फळ्यांमधला दणका बासच्या टोकदार खुरातून चढून लाकडात आला होता. पोटाशी टेकलेल्या त्या वाद्यातून तो तिच्या अंगापर्यंत आला असावा. तिसऱ्या फेरीत दुसरा भाग उतरू लागला, तेव्हा तिचे ओठ हलत नव्हते. ती मोजत नव्हती. शेवट आला. तिने उजवा पाय उचलला, गुडघ्यापासून, खरोखर काही ओलांडावे तसा. बास मुका झाला. सगळ्या खोलीबरोबर तिची टाच खाली आली, आणि मग तिने पहिल्या भागाचा सूर छेडला, जिथे छेडायला हवा होता तिथे.

आता फिडल, गिटार आणि मँडोलिन एवढी तीनच वाद्ये खोट्या जागी उरली. मँडोलिनवाल्याने हात आवरला. राहिली दोन. रीव्हा मुळीच डगमगली नाही. समोरच्या भिंतीवर नजर ठेवून ती ठरलेली धून ठरल्याप्रमाणे वाजवत होती, आणि ठरवणाऱ्याकडे एकदाही पाहत नव्हती.

कॉर्बिनच्या कपाळावर घाम आला. रेडिओवाला दोन्ही हातांनी कान झाकून, भुवया उंचावून त्याच्याकडे बघत होता. कॉर्बिन एक पाऊल पुढे आला, त्याच्या तोंडापुढे माइक होता, आणि त्याचे त्याला भान राहिले नाही.

“मावशी!” तो म्हणाला. “ओलांड! अगं, ओलांड ना!”

तीन राज्यांनी ते ऐकले.

रीव्हाने मान तुकवली. दुसऱ्या भागाच्या शेवटी तिने गज उचलला आणि हवेत धरला. ओकच्या फळ्या दणाणल्या. गज खाली आला तेव्हा खोलीत एकच धून होती.

त्यानंतर ती किती फेऱ्या चालली ते कुणी मोजले नाही. डेल्फियाच्या शेजारी आणखी चारजण उतरले. ब्रीटा दर वेळी पाय उचलत होती, गरजेपेक्षा जरा जास्तच उंच, आणि खिडकीतली पोरे तिची नक्कल करत होती. शेवटी, ज्याने धून सुरू केली त्याने ती संपवायची या रिवाजाप्रमाणे, रीव्हाने डावा पाय पुढे उचलून धरला, आणि तो दिसताच सगळी वाद्ये एका सुरावर येऊन थांबली.

कार्यक्रम संपल्यावर लोक तळलेल्या सफरचंदाच्या करंज्यांकडे वळले. कॉर्बिन बशी घेऊन मावशीजवळ आला.

“तुला ठाऊक होतं,” तो म्हणाला.

“मला काय ठाऊक असणार? तू सांगितलंस तसं वाजवत होते मी.”

“सगळ्यांना वाटलं, तू चुकलीस.”

“वाटू दे. फार वेळ नाही वाटलं.” तिने बशीतली करंजी घेतली. “कॉर्बिन, तू बोललास त्यात खोटं काही नव्हतं. नवख्याला शिरता आलं पाहिजे. फक्त दार कुठं आहे ते ज्यानं त्यानं शोधावं. भिंत पाडू नये.”

तो हसला आणि गर्दीत गेला. रीव्हा भिंतीजवळच्या बाकावर बसून फिडलवरची राळ फडक्याने पुसू लागली. थोड्या वेळाने आर्व्हिल येऊन शेजारी बसला. बँजोची पेटी त्याने दोन पायांच्या मधे ठेवली होती.

“तुझा पाय पहिला पडला,” रीव्हा म्हणाली.

“मुंग्या आल्या होत्या.”

“बरं.”

त्याने बुटाचे टोक समोरच्या फळीवरून फिरवले. मग आवाज खाली आणून म्हणाला, “रीव्हा, या फळ्या मी काढल्यात. माझ्या हातानं. एकेक फळी अख्खी होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. दोन्ही खोल्यांतून सलग गेलेली. मधे उंबरठा नव्हता.”

“ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे?”

“त्या घरात मी वाढले, आर्व्हिल. रांगले मी त्या जमिनीवर.”

आर्व्हिलने पूर्ण वळून तिच्याकडे पाहिले. इतक्या वर्षांच्या वादात त्याने हा एक मुद्दा कधी काढला नव्हता. जपून ठेवला होता, की मेहुणीची कीव आली होती, ते त्याचे त्यालाच माहीत. आणि तो मुद्दा आता पाण्यात मीठ विरघळावे तसा विरघळला.

“मग हे उंबरठ्याचं काय काढलंस?”

“बसमधली पोरं शिकायला यायची. मोजायला सांगितलं की चुकायची. ओलांडायला सांगितलं की नाही चुकायची.” तिने फडके घडी करून पेटीत ठेवले.

“म्हणजे सासरेबुवांनी खरंच नाक...”

“ते मी तुला मरतानासुद्धा सांगायची नाही.”

तेवढ्यात बास पाठीवर घेतलेली ब्रीटा दाराकडे जाता जाता थबकली आणि त्यांच्याकडे आली. तिचा चेहरा अजून तापलेला होता.

“रीव्हा मॅडम, एक विचारू? तो उंबरठा... केवढा होता? म्हणजे पाय किती उचलायचा? मी फार उचलत होते, असं वाटतं.”

रीव्हाने तळवा आडवा करून जमिनीपासून वर धरला, जवळजवळ गुडघ्याला लागेल इतका. “एवढा,” ती म्हणाली.

आर्व्हिलने त्या तळव्याकडे पाहिले, मेहुणीकडे पाहिले, आणि त्याच्या कपाळावर ती जुनी, सवयीची आठी उमटली.

“काहीतरीच काय,” तो म्हणाला. “एवढा कुठला?” आणि त्याने तिचा हात मनगटाशी धरून चार बोटे खाली आणला. “एवढा होता.”